माप घेतलंत, आता पट्टी द्या : कॅन्सरच्या ट्रायल घेणाऱ्या डॉक्टरांना आणि एथिक्स कमिट्यांना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या कॅन्सर हॉस्पिटलांमध्ये क्लिनिकल ट्रायल, म्हणजे कुठला इलाज चालतो ते पेशंटवर पारखून बघायचे अभ्यास, घेणारे सगळे डॉक्टर, आणि त्या ट्रायलना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिट्यांचे सगळे सदस्य यांना,

स. न. वि. वि.

मी लातूरचा, माझं कृषी सेवा केंद्र आहे, डॉक्टरकीशी माझा काही संबंध नाही. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, लातूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. आयुष्यभर लोकांच्या सोयाबीनचं, तुरीचं माप केलं. एप्रिल २०२३ मधे ते गेले, गालाच्या कॅन्सरने, आणि जायच्या आधीचे चौदा महिने ते एका ट्रायलमधे होते. कुठल्या हॉस्पिटलात, कुठल्या गावात, ते मी लिहिणार नाही कारण मला एका हॉस्पिटलची तक्रार करायची नाहीये, आणि दुसरं म्हणजे तिथल्या नर्स आणि डॉक्टरांनी अण्णांना खूप जपलं, ते मी कधीच विसरणार नाही.

माझं मागणं एवढंच आहे की ट्रायलचा निकाल लागला की तो त्यात भाग घेतलेल्या पेशंटला किंवा त्याच्या घरच्यांना कळवा. पण आधी हे सांगतो की मी ट्रायलच्या विरोधात नाही. हे सुरुवातीलाच लिहायचं कारण असं की ट्रायल म्हटलं की आमच्याकडे लोक लगेच म्हणतात उंदरासारखे प्रयोग करतात, आणि मी हे पत्र लिहितोय म्हटल्यावर माझ्या सख्ख्या मेव्हण्यानेच विचारलं की केस करणार आहेस का. नाही. उलट अण्णांना आजारातून जी चार वर्षं चांगली मिळाली ती एका ट्रायलमुळेच मिळाली असं मी मानतो आणि ते कसं ते सांगतो.

२०१८ ला अण्णांच्या गालाला पांढरा चट्टा होता तिथे जखम झाली, तपासलं तर कॅन्सर, पण लवकर सापडलेला, मानेला गाठ वगैरे काही नाही. सर्जन म्हणाले गालाचं ऑपरेशन करताना मानेतल्या ग्रंथीपण, जिथे हा कॅन्सर आधी पसरतो, त्याच वेळी काढणार. मी म्हटलं साहेब मानेत तर काहीच नाहीये, सोनोग्राफी क्लिअर आहे, मग मान कशाला कापायची. तेव्हा त्यांनी पाच मिनिटं बसवून समजावलं की परळच्या टाटा मेमोरियलमधे डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या टीमने याच प्रश्नावर ट्रायल घेतली होती. २००४ ते २०१४ पेशंट घेतले, अर्ध्यांची मान पहिल्याच ऑपरेशनला साफ केली, अर्ध्यांना नुसतं तपासत राहिले आणि गाठ आली तरच मानेचं ऑपरेशन केलं, कारण तोवर जगभरच्या सर्जनांमधे यावर एकमत नव्हतं. २०१५ ला ५०० पेशंटचा निकाल आला. पहिल्याच वेळी मान साफ केलेल्यांमधे तीन वर्षांनी शंभरातले ८० जिवंत होते, थांबून बघितलेल्यांमधे साडेसदुसष्ट. फरक इतका स्पष्ट होता की पुढे पेशंट घेणं थांबवलं.

म्हणजे बघा, माझ्या अण्णांची मान पहिल्याच फेरीत साफ झाली ती त्या ५०० लोकांमुळे. त्यातले बरेचसे तंबाखू खाणारे, आपल्यासारखेच साधे लोक असणार. आणि जे "थांबून बघू"च्या गटात पडले, चिठ्ठी टाकल्यासारखे पडले, त्यांचं जे झालं त्यावरून माझ्या बापाचं काय करायचं ते ठरलं. मी त्यांना कुणाला ओळखत नाही. पण डोळ्यासमोर येतात.

मग डिसेंबर २०२१ ला तो आजार परत आला, यावेळी आत खोल, ऑपरेशन होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या हॉस्पिटलात गेलो. तिथे फेब्रुवारीत विचारलं की एक ट्रायल चालू आहे, चालू केमो आणि चालू केमो अधिक एक नवीन गोळी, कॉम्प्युटर ठरवणार कुणाला काय, येणार का.

हा प्रसंग मला नीट सांगायचाय.

ओपीडीच्या बाहेर कॉरिडॉरमधे एक कोऑर्डिनेटर ताई आली, पंचवीस-सव्वीसची असेल, हातात बावीस पानांचा मराठी फॉर्म. बाकड्यावर जागा नव्हती म्हणून ती उभीच होती आणि अण्णा बसलेले, आणि ती वाकून वाकून एकेक पान दाखवत होती. फॉर्म मराठीत होता हे खरं पण ती मराठी आमची नव्हती. पहिल्याच पानावर "विषयाचे नाव" आणि पुढे रेघ. मी म्हटलं विषय म्हणजे काय, कशाबद्दल आहे ते लिहायचं का? तर म्हणाली नाही हो, विषय म्हणजे पेशंट. म्हणजे माझा बाप विषय. पुढे बघतो तर पानोपानी तेच, विषयाने अमुक करावे, विषयास त्रास झाल्यास तमुक. चौथ्या की पाचव्या पानावर लिहिलं होतं की "या अभ्यासाला दोन हात आहेत, आपणास यादृच्छिकपणे कोणत्याही एका हातात समाविष्ट केले जाईल." अण्णांनी आपले दोन्ही हात पुढे केले आणि विचारलं, उजव्या हातात देणार का डाव्या, डाव्याची शीर लागत नाही लवकर. त्या ताईचा चेहरा एकदम पडला, तिचा काय दोष, तिने थोडीच लिहिलं होतं ते. इंग्रजीत ट्रायलमधल्या गटाला आर्म म्हणतात हे मला नंतर कळलं. कुणीतरी शब्दाला शब्द ठेवला, कमिटीने पास केला, आणि तो कागद एका माणसाच्या पुढ्यात आला ज्याला मरणाची भीती वाटत होती.

पण मग अण्णांनी फॉर्म बाजूला ठेवला आणि तिला सरळ विचारलं, पोरी, त्या गोळीनं मला गुण येईल का? आणि ती म्हणाली, "अण्णा, खरंच माहीत नाही, तेच कळावं म्हणून तर ही ट्रायल आहे. तुम्हाला नाही आला तरी पुढच्यांना कळेल."

अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, खरं बोलली बघ पोरगी. मग तिला म्हणाले, "मी मापाडी हाय. आमच्यात माप झालं की शेतकऱ्याला पट्टी देतेत, किती भरलं, काय भाव लागला, किती कापलं, सगळं लिहून. पट्टी न घेता कुणी यार्डातून जात नसतंय. तुमचं माप झालं की मला पट्टी द्याल ना?"

ती म्हणाली, हो अण्णा, कळवू.

त्यावर सही केली त्यांनी. बावीस पानांवर नाही, त्या एका वाक्यावर.

अण्णांना चालू केमो आली. नवीन गोळीच्या गटात नंबर लागला नाही. ही ट्रायल काही लपवून ठेवलेली नव्हती, कुणाला काय मिळतंय ते पेशंटला माहीत असायचं, त्यामुळे आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. अण्णांना थोडं वाईट वाटलं, आईला फार वाटलं. पण त्यांनी सोडली नाही ट्रायल. सोडता येत होती, कधीही, कारण न देता, आणि पुढच्या इलाजावर काही परिणाम होणार नव्हता, तसं फॉर्ममधे होतं आणि ताईनेपण दोनदा सांगितलं होतं. अण्णा म्हणाले एका पारड्यात काय हाय ते कळायला दुसऱ्या पारड्यात पण काहीतरी ठेवावं लागतं. मला त्या दिवशी ट्रायल म्हणजे काय ते कळलं, कुठल्याही फॉर्मने सांगितलं नव्हतं इतकं नीट.

चौदा महिने दर तीन आठवड्यांनी आम्ही रात्रीच्या गाडीने जायचो. रक्ताच्या नळ्या, दर दोन-तीन महिन्यांनी स्कॅन, आणि एक प्रश्नांचा कागद असायचा, गेल्या आठवड्यात दुखलं का, गिळताना त्रास झाला का, उदास वाटलं का, आणि पुढे चौकोन, अजिबात नाही पासून खूप जास्त पर्यंत. सुरुवातीला अण्णा सगळीकडे अजिबात नाही करायचे, डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून. एकदा गाडीत मला म्हणाले, मी खोटं माप लिहायलोय, हे बरोबर नाही. त्यानंतर प्रत्येक चौकोन विचार करून भरायचे. तोंड उघडत नव्हतं, बोलता येत नव्हतं शेवटी शेवटी, तरी पेन हातात घेऊन दोन दोन मिनिटं थांबायचे, थोडंसं का बरंच. तुमच्या डेटामधे ते आकडे आहेत डॉक्टर. ते खरे आहेत, याची मी हमी देतो.

अण्णा गेले त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी हॉस्पिटलातून फोन आला, वेगळाच आवाज, ती ताई सोडून गेली होती. विचारलं, पेशंट कसे आहेत. मी सांगितलं. सॉरी म्हणाले, मग तारीख विचारली, घरी गेले की दवाखान्यात, कशाने गेले, ते लिहून घेतलं. दोन-तीन मिनिटांचा फोन. मला राग नाही आला, मला माहीत होतं ती तारीख लागते. ट्रायलच्या निकालाचा जो ग्राफ असतो ना, जिन्यासारखा पायरी पायरीने खाली उतरणारा, त्यातली एक पायरी त्या फोनमुळे नोंदली गेली.

आणि मग काहीच नाही.

२०२४ ला मी फोन केला, म्हणाले ॲनालिसिस चालू आहे. २०२५ ला परत केला, तिसऱ्याच माणसाने उचलला, त्याला ट्रायलचं नावच सापडेना, मग म्हणाला पेशंटच्या नातेवाईकांना रिझल्ट सांगायची काही प्रोसेस नाही, पब्लिश झालं की ऑनलाईन येतं. फॉर्मच्या पहिल्या पानावर रजिस्ट्रेशन नंबर होता, सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही, २००७ पासून आहे आणि २००९ पासून प्रत्येक ट्रायलची नोंद तिथे सक्तीची आहे, कुणालाही फुकट बघता येते. तिथे जाऊन पाहिलं. स्टेटस, पूर्ण. निकाल, रिकामं. त्या गोळीने फायदा झाला का नुकसान झालं का काहीच फरक पडला नाही, आजपर्यंत आम्हाला माहीत नाही. शोधू शकतील असे आमच्या घरात मी आणि माझी पुतणी, दोघंच. त्या ट्रायलमधे जे इतर लोक होते, वेटिंगमधे भेटायचे, कुणी शेतमजूर, एक भाजीवाल्या मावशी, एक रिटायर्ड तलाठी, त्यांच्या घरच्यांनी कुठे जायचं?

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. बियाणं कंपनी नवीन वाण आणते तेव्हा गावात एखाद्या शेतकऱ्याच्या दहा गुंठ्यावर डेमो प्लॉट घेते. शेजारी जुनं वाण, इकडे नवीन. काढणीच्या वेळी कंपनीची माणसं येतात, मंडप टाकतात, चहा देतात, आजूबाजूच्या गावचे शेतकरी बोलावतात आणि सगळ्यांसमोर माप होतं. वाण पडलं तर तेपण सगळ्यांसमोर पडतं, मी स्वतः पाहिलंय, कंपनीचा माणूस तोंड बारीक करून उभा असतो. पण प्लॉट ज्याचा त्याला निकाल कळला नाही असं मी तरी अजून पाहिलं नाही. सोयाबीनच्या दहा गुंठ्याला जे मिळतं ते माझ्या बापाच्या चौदा महिन्यांना मिळालं नाही.

तुम्ही म्हणाल लोकांना कळत नाही, आकडेवारी अवघड असते. मला नाही पटत. तुमच्याकडचेच निकाल घ्या, मी लोकांना दुकानात सांगून बघितलेत. टाटामधली डोक्या-मानेच्या कॅन्सरची ट्रायल, २०२२ ला निकाल आला, निव्होलुमॅब नावाचं इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं, महागडं इंजेक्शन, ते नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, फक्त २० मिलिग्राम दर तीन आठवड्यांनी देऊन बघितलं, १५१ पेशंट. नुसत्या केमोच्या गोळ्यांवर होते त्यांच्यातले वर्षानंतर शंभरी १६ जिवंत, सोबत तो छोटा डोस मिळाला त्यांच्यातले शंभरी ४३. हे मी खत घ्यायला आलेल्या माणसाला सांगितलं, तो अर्ध्या मिनिटात म्हणाला, म्हणजे कमी औषधात पण काम होतंय की, मग पूर्ण डोस परवडत नाही म्हणून कशाला सोडायचं. झालं की. हाच त्या ट्रायलचा मुद्दा होता ना?

किंवा स्तनाच्या कॅन्सरचं. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या टीमने देशातल्या ११ सेंटरवर १६०० बायकांची ट्रायल केली, ऑपरेशनच्या आधी सात-दहा मिनिटं गाठीच्या भोवती भूल द्यायचं साधं इंजेक्शन द्यायचं, लिग्नोकेन, दातांचे डॉक्टर वापरतात ते, खर्च शंभर रुपयांच्या आत. पाच वर्षांनी जिवंत असलेल्या बायका ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेल्या. माझ्या आईला सांगितलं तर ती म्हणाली शंभरातल्या चार जणी जास्त. तिला सही करता येते, बाकी लिहिता वाचता येत नाही.

आणि आमच्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातली, तेव्हाचं उस्मानाबाद, गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची ट्रायल. ४९७ गावं, १,३१,७४६ बायका, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल, टाटा आणि फ्रान्समधली जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संस्था यांनी मिळून केलेली. २००९ ला निकाल आला की एकदाच एचपीव्हीची, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो त्याची, तपासणी केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, ज्या गटात नेहमीसारखंच चालू ठेवलं होतं त्याच्या तुलनेत. एका गटात ३४ बायका गेल्या, दुसऱ्यात ६४. आज जगभर एचपीव्हीची तपासणी पहिली करा म्हणतात, त्यामागच्या पुराव्यात आमच्याकडच्या ज्वारीच्या रानातून आलेल्या बायका आहेत. तपासणी न मिळालेल्या गटावरून नंतर खूप वादही झाला आणि तो व्हायलाच हवा होता, त्या ६४ जणींचा विचार केला की मलाही झोप येत नाही. पण म्हणूनच म्हणतो, जिथे इतकी मोठी किंमत कुणीतरी दिलेली असते तिथे निकाल कळणं ही मेहेरबानी कशी असेल?

दुसरं एक उत्तर मला मिळालं, एका ओळखीच्या डॉक्टरकडून, की ज्यांचा माणूस "तोट्याच्या" गटात होता त्यांना कळवलं तर जास्त दुःख होईल, त्यापेक्षा नको. सर, त्या गटातल्या माणसाचा मुलगा म्हणून उत्तर देतो. हा विचार मी रात्री शंभर वेळा केलाय की ती गोळी चांगली निघाली असं कळलं तर मला काय वाटेल. वाईट वाटेल. चिडेन कदाचित, कॉम्प्युटरवर, नशिबावर. पण आत्ता जे आहे ते त्याहून वाईट आहे, आत्ता अण्णांचं पारडं हवेत लटकलंय. आणि गोळी कुचकामी निघाली असेल, किंवा त्रासदायक निघाली असेल, तर आई इतकी वर्षं जे म्हणतेय ना, की आपलं नशीब फुटकं म्हणून नवीन औषध मिळालं नाही, ते तिला म्हणावं लागणार नाही. एका कागदाने तिची ती टोचणी जाईल. तुम्ही आमचं दुःख वाचवताय असं वाटत असेल तर कृपया आम्हाला आधी विचारा.

हेपण खरं की काही जणांना नकोच असेल. एक ओळखीच्या ताई आहेत, मिस्टर ट्रायलमधे होते, त्या म्हणतात मला ते हॉस्पिटलचं नाव पण ऐकायचं नाही. त्यांचा तो हक्क आहे. म्हणून माझं म्हणणं आहे की सही घेतानाच विचारा, निकाल कळवायचा का, कुणाला कळवायचा, दोन नंबर द्या, कारण पेशंट तोवर असेलच असं नाही. हे तुम्हालाही माहीत असतं आणि आम्हालाही, फक्त कुणी बोलत नाही.

नंबर बदलतात, लोक सापडत नाहीत, असंही म्हणतात. मृत्यूची तारीख घ्यायला सापडलो होतो की आम्ही.

आता एथिक्स कमिट्यांना. ट्रायलच्या २०१९ च्या सरकारी नियमांप्रमाणे तुमच्यात कमीत कमी सात जण असतात, निम्मे तरी हॉस्पिटलच्या बाहेरचे, एक कायद्याचा माणूस, निदान एक महिला आणि एक सामान्य माणूस. माझं पत्र सगळ्यात जास्त त्या सामान्य माणसासाठी आहे. तुम्ही शिक्षक असाल, बँकेतून रिटायर झालेले असाल, तुम्हाला मीटिंगमधे बाकीच्यांपुढे बोलायला संकोच वाटत असेल, मला समजू शकतं. पण तुम्ही तिथे आमच्यातर्फे बसला आहात. नियमात लिहिलंय की कागद पेशंटला समजेल अशा साध्या भाषेत पाहिजे. तर एकच करा, मराठी फॉर्म पास करायच्या आधी तो खाली ओपीडीत घेऊन जा आणि बाकड्यावर बसलेल्या कुठल्याही दोघा-तिघांना मोठ्याने वाचून दाखवा. कुणी आपले हात पुढे केले की समजा ते पान परत लिहायचंय. गट म्हणा. चिठ्ठी टाकून ठरवल्यासारखं म्हणा. आणि विषय हा शब्द काढून टाका, कायमचा. डॉक्टर लोक ज्या हेलसिंकीच्या जाहीरनाम्याचं, म्हणजे माणसांवर संशोधन कसं करावं याच्या जगभरच्या डॉक्टरांच्या नियमावलीचं, नाव घेतात त्यात २०२४ ला सुधारणा झाली तेव्हा तिथेसुद्धा सब्जेक्ट शब्द जाऊन पार्टिसिपंट आला, भाग घेणारा माणूस.

त्याच जाहीरनाम्यात २०२४ च्या कितीतरी आधीपासून आहे की भाग घेतलेल्यांना अभ्यासाचा निकाल जाणून घ्यायचा पर्याय दिला पाहिजे. मी काही नवीन मागत नाहीये. युरोपमधे तर ३१ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यात असं आहे की ट्रायल संपल्यावर साधारण वर्षभरात सामान्य माणसाला समजेल असा सारांश कंपनीने द्यायचा. म्हणजे ज्या कंपन्या इथे येऊन ट्रायल करतात त्यातल्या कितीतरी तिकडे हे काम करतातच. त्यांना इथे पण करा म्हणायला काय अडचण आहे? प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा आराखडा, तुमच्यापुढे येतो तेव्हा औषधाचा डोस विचारता, विम्याचं विचारता, नुकसानभरपाईचं विचारता, सीरियस काही झालं तर २४ तासात रिपोर्ट विचारता, ते सगळं बरोबरच आहे. त्यात अजून एक विचारा, निकाल लागल्यावर पेशंटच्या घरी कसा कळवणार, कोण कळवणार, त्याचा खर्च बजेटमधे धरलाय का. उत्तर नसेल तर फाईल परत पाठवा. एवढा अधिकार तुमच्याकडे आहे.

कंपनीचा पैसा नसतो अशा ट्रायल डॉक्टर स्वतःच्या जोरावर करतात, कोऑर्डिनेटरचा पगार भागवतानाच नाकी नऊ येतात, हेपण मला आता माहीत आहे. म्हणून फार काही मागत नाही. एक पान. किती लोक होते, कुणाला काय दिलं, काय दिसलं, त्याचा पुढे काय उपयोग, आणि खाली एक ओळ, तुम्ही होतात म्हणून हे कळलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांना व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा, डॉक्टरांच्याच आवाजात असेल तर आई तो दहा वेळा ऐकेल. ट्रायल अर्ध्यात बंद पडली तरी पाठवा, पेशंट मिळाले नाहीत म्हणून पडली, पैसे संपले म्हणून पडली, औषध चाललं नाही म्हणून पडली, जे असेल ते. फेल गेलेल्या ट्रायलचा निकाल तर आधी पाठवा, कारण तो बऱ्याचदा छापूनच येत नाही, आणि अण्णांसारख्या माणसाला फेल गेलेल्या मापाचं पण काही वाटायचं नाही. त्यांना फक्त पट्टी न देणारा आडत्या आवडायचा नाही.

त्या कोऑर्डिनेटर ताई हे वाचत असतील तर, ताई, तुमच्यावर राग नाही. तुम्ही खरं बोललात, आणि कळवू म्हणालात तेव्हा तुम्हाला खरंच तसं वाटत होतं हे मला माहीत आहे. पण तुमचा शब्द पाळायची व्यवस्था तुमच्या मागे उभी नव्हती.

अण्णांच्या सगळ्या फाईली कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, बावीस पानांची कॉपीपण, मधे कुठेतरी चहाचा डाग आहे त्यावर. पहिल्या पानावर संपर्क म्हणून जो मोबाईल नंबर लिहिलाय तो अण्णांचा. फोन आता आईकडे असतो. त्यावर कुणाचा फोन येत नाही, तरी ती दर महिन्याला माझ्याकडून रिचार्ज मारून घेते. मी एकदा म्हटलं बंद करू का हा नंबर, दोन दोन कशाला. म्हणाली राहू दे, दवाखान्याचा फोन यायचाय.

आपला,
एका पार्टिसिपंटचा मुलगा
लातूर